मंजुळाचं वल्हं आणि माझा बांबू

चहा येतोय तोवर माझी एक फजिती ऐकून घ्या. पण बाहेर बोलायचं नाही, हं! मोखाड्यातल्या मुली आधीच मला बघून तोंडाला ओढणी लावतात.

मी नाशिकचा. मुलींना वल्हवायला शिकवायचं आणि तिघींना निवड शिबिराला पाठवायचं, या कामावर मोखाड्याजवळच्या एका धरणावर गेलो होतो. खोली जव्हारला, रोज सकाळी मोटरसायकलवरून धरण. स्वभाव तर तुम्हाला ठाऊकच आहे. दूधवाल्यानं हसून नमस्कार केला, तरी मी आधी दूध हुंगतो!

मुली चार, जागा तीन. आता वल्हवण्यात सगळा खेळ कॅचचा, म्हणजे वल्हं पाण्यात घालण्याच्या क्षणाचा. ओणवं होऊन हात पायांकडे न्यायचे, की वल्ह्याचं पातं पाठीमागे जातं. तिथं ते पाण्यात घालायचं. हातांची पोच कमी पडली की वल्ह्याचा कोन कमी, आणि कोन कमी की बोट मंद.

कोन कळावा म्हणून मी युक्ती केली. बोट काठाशी समांतर बांधली आणि काठावर, बोटीच्या पुढच्या अंगाला तिरक्या रेषेत, एक बांबू रोवला. मी बांबूशी उभा. वल्हं थेट माझ्या नाकावर रोखलं गेलं, की कोन बरोबर!

पहिल्या दिवशी एकटी मंजुळा नाकावर. बाकीच्या तिघी अपुऱ्या. मी ओरडलो, "बांबू बघा, बांबू!"

आणि काय सांगू, तीन आठवड्यांत तिघीही नाकावर! मनातल्या मनात मी स्वतःचा सत्कारसुद्धा उरकला.

पण मंजुळा? तिचं वल्हं आता मला टाळून भलतीकडे. मी हातवारे करून ओरडतोय, "पोच जास्त होतेय! कमी कर!" बाई ढिम्म.

मला वास आला. ही मुद्दाम करतेय! हिला चोरून दुसरं कुणी शिकवतंय. कोण? बोटीचा राखणदार काशिनाथदादा, तिचा सख्खा मामा! तोच बांबू हलवत असणार.

मी बांबूपासून काठावरच्या उंबराच्या झाडापर्यंत पावलं मोजली. सव्वीस. दुसऱ्या दिवशी सव्वीस. बांबूच्या बुंध्याशी खडूनं खूण केली, दोरा बांधला. सगळं जागच्या जागी! म्हणजे बांबू निर्दोष. मग दोषी कोण उरलं?

शनिवारी यादी पाठवायची होती. मी मंजुळाचं नाव खोडलं आणि दादाला खडसावलं, "भाचीला काय शिकवता हो गुपचूप?"

"मी? मला पोहता येतो, वल्हवता नाय येत सर."

"मग ती बांबू सोडून का जाते?"

दादानं डोकं खाजवलं. "सर, बांबू हाय तिथंच हाय. पण पाणी गेला ना! उन्हाळा हाय. मी रोज होडी खाली नेऊन बांधतो."

"मला सांगितलं का नाही?"

"सांगायचा काय? बायांना हंडा भरायला रोज लांब जावा लागतो, पोराटोरांना ठावं हाय. तुम्हाला दिसत नव्हता काय?"

दिसत होतं हो! पण पायात नवे पांढरे बूट. चिखलात कोण उतरणार? बोट रोज लांब सरकत होती आणि मी शहाणा बांबूला चिकटून! बोट लांब गेली, की थोडक्या पोचेतही वल्हं माझ्या नाकावर येतं. म्हणजे तिघी शिकल्या नव्हत्या, माझ्या बांबूच्या नादानं जास्तच बिघडल्या होत्या.

बूट काढले. गुडघाभर चिखल तुडवत बोटीपाशी गेलो आणि कोनमापक लावला. तिघी सपशेल अपुऱ्या. मंजुळा? अगदी बरोबर, पहिल्या दिवशी होती तशीच. मला खरंच लाज वाटली. तिथंच चिखलाच्या हातानं यादीतून तिघींतल्या सगळ्यात अपुरीचं नाव खोडलं आणि मंजुळाचं पुन्हा लिहिलं, सगळ्यात वर.

म्हटलं, "मंजुळा, चुकलो मी. एवढा ओरडत होतो, तरी तू ऐकलं नाहीस, तेच बरं केलंस."

ती गोंधळली. "ओरडत होतात? इथवर ऐकूच येत नव्हता सर. तुम्ही हात हलवायचात, मला वाटायचा शाबासकी देताय!"