निर्णय तुमचा, साहेब

आमचे मेजरकाका स्वतःहून कधी काही ठरवत नसत. फौजेतून निवृत्त होऊन कासू स्टेशनजवळच्या आमच्या खाडीकाठच्या गावी आले, तेव्हा सगळ्यांनी विचारलं, "काका, लढाईत किती मारलेत?"

"एक पन नाय. मी स्टाफ ऑफिसर. जायचं कसं, जेवन-पानी पोचवायचं कसं, परतायचं कसं, ते मी मांडायचं. ठरवायचं साहेबांनी."

गावाचा अगदी हिरमोड झाला.

मी सरपंच झाले आणि कालपर्यंत "गो सुलभा" म्हणणारे काका मला "साहेब" म्हणू लागले. मला वाटलं, थट्टा करतायत.

मग एका उधाणाला खाडीचा बांध फुटला, खांड पडली. खारं पाणी शिरलं की शेतात पुढची काही वर्षं भात होत नाही. खांड म्हटली की आमचा सगळा गाव चिखल घेऊन तिच्यावरच धावतो. उघाडीकडे, म्हणजे पाणी सोडायच्या दाराकडे, कुणी फिरकत नाही. त्या दिवशीही तेच. मला विचारायला कोण थांबतोय! काका मात्र माझ्यापाशी आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "साहेब, वाटा दोन हायत. सगळे खांडीवर लावा, नायतर निम्मे उघाडीवर धाडा. तिची फळी सैल हाय. खांड बुजायला उशीर व्हईल, पन मागून पानी शिरनार नाय."

"तुम्हीच सांगा ना काका!"

"निर्णय तुमचा."

धावणारे थबकून माझ्याकडे बघू लागले. मी म्हटलं, "निम्मे उघाडीवर!" ते गेले. शेतं वाचली. शाबासकी मला मिळाली. काका मागे रिकाम्या गोणी आणि चहा पोचवण्यात गुंतले होते.

गेल्या वर्षी त्यांचे गुडघे गेले. पुण्याची लेक बोलवू लागली. काका काठी टेकत माझ्याकडे आले. "साहेब, वाटा दोन हायत." तिकडे डॉक्टर, नातवंडं, इकडे एकटं घर, पण आपली माणसं. दोन्ही बाजू सारख्याच निगुतीनं मांडल्या.

"तुमच्या मनात काय आहे?"

"स्टाफ ऑफिसरला मन नसतं."

'राहा' हा शब्द माझ्या अगदी ओठांवर आला होता. पण साहेबानं स्वतःपुरतं पाहून कसं चालेल? म्हटलं, "जा, काका."

"जी, साहेब." ताठ उभे राहिले. दारापाशी जाऊन मात्र वळले.

"आनि परतायचं कसं, गो सुलभा?"

ते मांडायचं त्यांचं काम होतं. त्या दिवशी ते मी केलं.

"गणपतीला या. कासूला घ्यायला मी येते."