दहा ते सहाची उघाडी

अमावास्येला काशिरामचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. अष्टमीला सकाळी दहाला. मधल्या तिथींना रोज पाऊण तास पुढे. घरात घड्याळ होतं, पण ते त्याच्या बायकोसाठी, गंगाबाईसाठी. तो तिथीची पाऊणपट करायचा. तेवढ्या वाजता भरती पूर्ण, तिथून पुढे ओहोटी; चारेक तासांनी खाडी उतरली की त्याचं काम सुरू. ही रीत त्याला बापाने शिकवली होती. अर्ध्या तासाहून जास्त फरक मी कधी पाहिला नाही.

विद्यापीठाचं उपकेंद्र गव्हाण गावाच्या खालच्या अंगाला, खाजणात, म्हणजे खाडीच्या दलदलीत, भराव टाकून उभं केलेलं आहे. भराव टाकला म्हणून खाडी कुठे निघून गेली नाही. आवाराच्या मागे बांध आहे आणि बांधात उघाडी, म्हणजे लोखंडी झडप बसवलेली पाण्याची वाट. ओहोटीला झडप वर घ्यायची, आवारातल्या नाल्याचं पाणी खाडीत सोडायचं. भरती चढायच्या आत झडप खाली पाडायची. चाकाचे बहात्तर फेरे वर, बहात्तर खाली. त्याआधी झडप बसते त्या खाचेतला गाळ, पिशव्या, बाटल्या हाताने काढायच्या. नाहीतर झडप बोटभर वर राहते, आणि तेवढी फट खाडीला पुरते.

एकोणीस वर्षं हे काम त्याने एकट्याने केलं. पावसाळ्यात दिवसातून दोनदा. नोकरी कंत्राटी, दर अकरा महिन्यांनी नवा कागद. मी त्याच आवारात प्लंबर होतो. त्या एकोणीस वर्षांत खाडी आत आल्याची एकही तक्रार माझ्याकडे आली नाही.

काशिराम अठ्ठावन्नचा झाला तेव्हा विद्यापीठाने मनुष्यबळ आराखडा करायला घेतला. ज्याचं पद आराखड्यात बसेल तो कायम होणार, बाकीचे घरी. काशिरामची दोन वर्षं उरली होती. कायम होऊन निवृत्त व्हायचं, एवढंच त्याला हवं होतं. एकदा तरी कागदावर आपण इथले आहोत असं लिहिलेलं असावं, असं तो म्हणायचा.

आराखड्याच्या अकरा बैठका झाल्या. सगळ्या वातानुकूलित खोलीत. बांध तिथून चारशे पावलांवर. अकरा बैठकांत एकही माणूस ती चारशे पावलं चालला नाही. शिपाई नऊ होते, ते तीन केले, कारण पाहणीच्या दिवशी सहा जण बसलेले दिसले. पाहणी दुपारी दीड वाजता झाली होती. सहा जण जेवायला बसले होते.

सल्लागार म्हणून निशा मॅडम आल्या होत्या. हुशार बाई, बोलायला गोड. त्यांच्या लॅपटॉपवर प्रत्येक पदाचा एक तक्ता होता आणि त्यात कामाच्या वेळेचे दोन चौकोन, पासून आणि पर्यंत. काशिरामला त्यांनी वेळ विचारली. त्याने तिथीप्रमाणे असं सांगितलं. चौकोनात ते बसेना. मग त्यांनी त्याच्याकडून पंधरा दिवसांच्या वेळा लिहून घेतल्या, बेरीज केली, पंधराने भागलं.

"सरासरी सव्वानऊ येते," त्या म्हणाल्या.

"मॅडम, खाडीची सरासरी नाय निघत," काशिराम म्हणाला. "ती रोजची रोज येते."

मॅडम हसल्या. हसून झाल्यावर त्यांनी सव्वानऊही खोडले, कारण कार्यालय दहाच्या आत उघडत नाही आणि बोटाचा ठसा घेणारं यंत्र कार्यालयात आहे. तक्त्यात आलं: उघाडी चालक, दहा ते सहा. कामाचं स्वरूप: रुजू झाल्यावर झडप उघडणे, सुटण्यापूर्वी बंद करणे. खाली संमतीची सही. सही करणारा कायम.

मी त्याला सही कर म्हणालो. सगळेच म्हणाले. उपकुलसचिव निनाद साहेबांनी त्याला स्वतःच्या खोलीत बोलावून चहा पाजला. एकोणीस वर्षांत पहिला. ते म्हणाले, काशिराम, कागद कागदाच्या जागी, सही करून टाका. मग पहाटे झडप उघडायला आलो तर चालेल का, असं त्याने विचारलं. साहेब म्हणाले, कामाच्या वेळेबाहेर आवारात थांबता येणार नाही, सुरक्षेचा प्रश्न आहे.

घरी गंगाबाई त्याच्यावर तापली. तिचं बरोबर होतं. गुडघ्यांनी ती बेजार होती आणि आता कुठे दोन वर्षं निवांत दिसत होती.

"एक सही कराची," ती म्हणाली, "तर तुमचा काय दर्या आटनार हाय?"

"अवसेला दहाला झडप उघडीन, असा लिवून देऊ? उद्या कोनी इचारला तर माजं नाव हाय त्याच्याखाली."

त्याने सही केली नाही. तिसऱ्या दिवशी त्याचा कागद संपला आणि तो घरी बसला.

त्याच्या जागी एजन्सीने परेश नावाचा माणूस दिला. घाटावरचा, कष्टाळू. त्याचा मला राग नाही. त्याला खाडी ठाऊक नव्हती. त्याच्या हातात छापील कागद होता आणि कागदाप्रमाणे तो वागला. पहिले काही दिवस अष्टमीच्या आसपासचे होते, दहाची वेळ जुळली. साहेब आनंदले. आराखडा यशस्वी झाल्याचं पत्र वर गेलं.

मग श्रावणातली अमावास्या आली. पाऊस पहाटेपासून लागला होता. परेशने दहाला ठसा दिला, बांधावर गेला आणि झडप वर घेतली. बहात्तर फेरे, एकही कमी नाही. उधाणाची भरती चढत होती. साडेअकराला प्रशासकीय इमारतीच्या तळमजल्यावर संडासाच्या भांड्यांतून पाणी वर आलं. बाराला टेबलांचे पाय बुडाले. फायली माडीवर न्यायला शिपाई हवे होते. शिपाई तीन. मला दोन संडास बंद करायला सांगण्यात आलं. मी विचारलं, कशाने, हाताने?

काशिरामला आणायला साहेबांची गाडी गेली. तो आला. पाणी वाटेतून जोराने आत येत होतं आणि झडप निम्म्यावर येऊन अडकत होती. छातीभर पाण्यात उतरून त्याने पायाने खाच चाचपली, एक तुटलेली प्लास्टिकची खुर्ची ओढून काढली आणि वर उभ्या परेशला फेरे मोजत चाक फिरवायला लावलं. एक वाजता झडप टेकली. काशिरामची पोटरी फाटली होती. साहेब माडीच्या खिडकीतून बघत होते. हाक मारून त्यांनी शाबास म्हटलं.

आठवड्याने बारावी बैठक झाली. एका माणसाच्या जागी आता चार पदं, तीन पाळ्यांत. शिक्षणाची अट दहावी आणि आयटीआय. काशिराम चौथी शिकलेला. त्याने साहेबांना एकच विचारलं, दोन वर्षं उरलीत, घ्याल का. साहेब म्हणाले, तुमच्याबद्दल आदर आहे, पण नियमात बसत नाही. प्रशिक्षक म्हणून चार दिवस याल का?

त्याच्या जागी मी असतो तर वळून चालू लागलो असतो. काशिराम गेला. चार दिवस त्या चौघांना बांधावर उभं करून तिथीची पाऊणपट शिकवली, गाळ काढून दाखवला, त्यांच्याकडून काढून घेतला. एकाने हातमोजे मागितले. काशिरामने त्याला सांगितलं की हातमोज्यातून फट कळत नाही, आणि त्याचा हात धरून खाचेत घातला. मानधनाच्या कागदावर त्याने सही केली नाही. मी चिडून कारण विचारलं.

"आमच्या गावाचं पानी बी त्याच वाटंनं जातं," तो म्हणाला. "सायबाला शिकवायला नाय गेलो मी."

कायमचा कागद त्याला मिळाला नाही. भविष्य निर्वाह निधी तेवढा मिळाला, तोही सात खेपा घालून. त्यातून त्याने घराच्या आत मोरी आणि खुर्चीसारखा बसायचा संडास बांधला. तोवर गंगाबाईला परसात, चार पायऱ्या उतरून जावं लागायचं. नळकाम मी केलं. भिंतीला धरायला जाड दांडा बसवला, तिच्या खांद्याच्या उंचीला. पहिल्या सकाळी ती आत गेली, बाहेर आली आणि म्हणाली, दांडा दोन बोटं खाली हवा. मी काढला आणि दोन बोटं खाली बसवला.