उसवलेलं कार्ड

गाडी यायला वेळ होता आणि आई बडनेऱ्याच्या फलाटावर माझी बॅग उघडून बसली होती. लोणच्याची बरणी आत हलते म्हणे. आई बायकांचे ब्लाऊज शिवायची, त्यामुळे घरात चिंध्यांना तोटा नव्हता. एक पिशवीभर सोबत आणल्याच होत्या. त्या बरणीभोवती कोंबत म्हणाली, "फुटली त सारे कपडे तेलकट होतीन. अन् चिंध्या फेकजो नोको." बाबा रेल्वेतच नोकरीला. डबा कुठे लागेल हे त्यांना बरोबर ठाऊक, म्हणून ते तिकडे जाऊन उभे राहिले. तिथे डोळे पुसलेले आम्हाला दिसणार नव्हते.

इंग्लंडला आले ती केअर होममध्ये म्हाताऱ्यांचं करायला. ड्युट्यांचा रोटा लागायचा, शिफ्ट, पुन्हा रोटा. या देशात प्रत्येक गोष्टीला कार्ड लागतं. वाढदिवसाला, घर बदललं तर, गुडघा बदलला तर, माणूस गेलं तरी. दुकानातली कार्डं मला कधी पटली नाहीत, आपल्या मनातलं दुसऱ्यानेच छापून ठेवलेलं. एका आजींच्या वाढदिवसाला आईच्या चिंध्या काढल्या आणि जाड कागदावर शिवून दिल्या. आधी नुसत्या सुईने भोकं पाडायची, मग धावदोरा घालायचा, नाहीतर कागद टरकतो. तेव्हापासून सगळ्यांना माझीच कार्डं लागतात. घरीही दर सणाला, वाढदिवसाला एक जायचंच. शिफ्ट संपवून आलं की पाय उचलत नाहीत, पण हात चालतात. आई दिवसभर मशीनवर असायची आणि मला वाटायचं, बसलेलीच तर असते, हिला कसला थकवा!

बाबा गेले तेव्हा माझा व्हिसाचा अर्ज अडकला होता. देशाबाहेर पाय टाकला की अर्ज रद्द. बाहेर गेलेल्यांना हे समजावून सांगायला नको. दादाने फोन धरला आणि मी बाबांना त्या एवढ्याशा चौकोनात शेवटचं पाहिलं. दुसऱ्या दिवशी शिफ्टला गेले.

मग मी आयुष्यातलं सगळ्यात चांगलं कार्ड शिवायला घेतलं. कागद नाहीच, नुसतं कापड, आत ताठ राहायला कॅनव्हास. वर दोऱ्याने अक्षरं भरली, 'बाबा, मी येऊ शकले नाही.' तेरवीला मी नव्हते. निदान हे तरी त्यांच्या फोटोशेजारी राहावं, एवढंच मला हवं होतं.

कार्ड पोचल्यावर दादाने फोनवर चाचरत सांगितलं, आईने ते उसवलं. माझा विश्वासच बसेना. आईला फोन द्यायला लावला.

"मौतीची चिठ्ठी घरात ठेवत नाई वं बाई," ती म्हणाली. "वाचली का फाडा लागते. कपडा फाटे ना, मंग टाके उसवले."

पूर्वी कुणी गेल्याचं पोस्टकार्ड आलं की आमच्याकडे वाचून फाडून टाकत, हे मी विसरले होते. तरी राग आला. इतक्या संध्याकाळी घातल्या आणि आपल्याच आईने एकेक टाका काढून टाकला. त्यानंतर आम्ही फोनवर उन्हापावसाचंच बोलत होतो.

व्हिसा आला तशी निघाले. बाप गेल्यावर लेक पहिल्यांदा घरी येते तेव्हा दारातच गळ्यात पडून रडायचं असतं. शेजारच्या बायका जमल्या होत्या, मावशी खास अकोल्याहून आली होती. तिने सूर लावलासुद्धा. माझ्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. मी फक्त थकले होते, कित्येक वर्षांची.

आईने माझ्याकडे पाहिलं आणि सगळ्यांना बाजूला केलं. "तिले झोपू द्या. रडनं उद्याबी होते."

मधल्या खोलीत पडले तर ती उशाशी येऊन बसली. न राहवून विचारलंच, "ठेवलं असतं एक कार्ड, तर काय झालं असतं?"

"तुह्यं येनं झालं नाई, हे काहून घरात लिहून ठेवाचं?" ती म्हणाली. "आता आली नं तू."

इतकी वर्षं मी त्या घराला माझी हजेरी पाठवत होते. आईने माझी गैरहजेरी कधी मांडलीच नव्हती. मी तिच्या मांडीत तोंड खुपसलं आणि उद्याची वाट न बघता रडले.