शूटिंगला गेलेला स्टिरिओ

दिंडोशीच्या आमच्या फ्लॅटमध्ये वडिलांनी घेतलेला स्टिरिओ आहे. रेकॉर्ड प्लेअर, अॅम्प्लिफायर आणि सागवानी खोक्यातले दोन स्पीकर. दर रविवारी मी तो मऊ फडक्याने पुसतो.

खालच्या मजल्यावरची मुलगी सिनेमाच्या सेटवर सामान मांडायचं काम करते. ती एकदा म्हणाली, "काका, मढच्या बंगल्यात जुन्या काळातला सीन आहे. दोन दिवस द्या ना, जपून आणते." मला भिडेपोटी नाही म्हणता आलं नाही.

दोन दिवसांचे नऊ झाले. स्टिरिओ परत आला तेव्हा लाकूड पॉलिश पेपरने खरवडलेलं होतं आणि स्पीकरच्या जाळीवर तपकिरी रंग मारलेला होता.

"अगं, हे काय करून ठेवलंस?"

"काका, तो इतका चकाचक होता ना, डायरेक्टर म्हणाले जुना वाटत नाही. म्हणून थोडा जुना केला."

"तो जुनाच आहे! चाळीस वर्षं पुसून पुसून ठेवलाय म्हणून चकाचक आहे!"

"पण स्क्रीनवर झकास दिसतो हां."

टर्पेंटाइन आणि कापसाने जाळी साफ करण्यात माझे तीन रविवार गेले. लाकडावरचे ओरखडे तसेच राहिले. वाजतो मात्र पूर्वीसारखाच, एवढंच नशीब.

परवा ती लिफ्टमध्ये भेटली. "काका, तोच सीन परत शूट करायचाय. स्टिरिओ पुसला नाहीत ना?"

या वेळी मी नाही म्हणालो, तेही सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.