तो बोल्ट कोणी लावलेला

आज २०१७ साल, मी एकसष्ट वर्षांचा. खोपटला ज्या गॅरेजात मी हेड मेस्त्री होतो तिथे हा माणूस मोटरसायकलींचं ऑइल बदलायचा, आणि खालचा बोल्ट परत लावताना दर वेळी पुटपुटायचा, “आधी उलटा, मग सुलटा.”

जुनं ऑइल काढायला इंजिनाच्या बुडाला एक बोल्ट असतो, तुम्ही बघितला असेल. माझ्यासारखा माणूस तो भोकात घालतो आणि आवळतो. हा उकिडवा बसून, डोळे मिटून, नुसत्या बोटांनी बोल्ट उलट्या बाजूला फिरवायचा. टक्कन बारीक आवाज व्हायचा. म्हणजे आट्यात आटा बसला. मग सुलटा, तोही बोटांनीच, जाईल तिथवर. पाना अगदी शेवटी, आणि तो मध्यावर धरून, जोर जास्त लागायला नको म्हणून. बोल्टखालची चकती, वायसर, दर वेळी नवा.

“काय रे, बोल्टला ओवाळतोस काय?” मी विचारायचो.

“त्याला त्याची जागा सापडू दे मेस्त्री. जबरदस्ती केली की चेंबरचे आटे जातात.”

चेंबर म्हणजे इंजिनाचं ऑइल भरलेलं बूड, ते अॅल्युमिनियमचं, बोल्ट लोखंडी. त्यांच्या भांडणात कोण मरणार हे मला याने शिकवायचं? मी मुद्दाम पान्याला हातभर पाइप लावून आवळायचो आणि त्याच्याकडे बघायचो.

काम झालं तरी तो चावी द्यायचा नाही. गाडीखाली पुठ्ठा सरकवायचा आणि चहा घेऊन बसायचा. “थांबा, पुठ्ठा काय म्हणतोय बघू.” गिऱ्हाईक घड्याळ बघायचं, मनात शिव्या द्यायचं. पुठ्ठा कोरडा निघायचा. जेवताना पाण्याच्या बाटलीचं झाकणसुद्धा हा आधी उलटं फिरवायचा. आम्ही हसायचो. तोही हसायचा, पण झाकण तसंच लावायचा.

अठरा वर्षं तो ऑइलच बदलत राहिला. वरचं इंजिन मी त्याला कधी खोलू दिलं नाही. शेठ एकदा म्हणालेही, शिकव त्याला. मी म्हटलं, त्याला जमणार नाही. खरं म्हणजे त्याला माझ्यापेक्षा चांगलं जमलं असतं, आणि ते मला पहिल्या वर्षीच कळलेलं. मी चौथीत शाळा सोडलेला माणूस. माझ्याकडे होतं ते एवढं हेड मेस्त्रीपण.

एका दुपारी तो बाकीच्यांसोबत आत जेवायला बसलेला. ऑइल बदलायला आलेलं एक गिऱ्हाईक घाईत, कल्याणला जायचं म्हणून. गाडी लावून ते समोर चहाला गेलं. म्हटलं, जेवणावरून कशाला उठवायचं, बोल्टच तर आहे. मी लावला. अर्ध्यातच जड गेला. तेव्हाच कळायला हवं होतं की तिरका बसलाय. मी पाइप लावला. शिळफाट्याच्या पुढे बोल्ट गळून पडला, सगळं ऑइल रस्त्यावर, इंजिन जाम.

दुसऱ्या दिवशी गाडी टेम्पोतून आली. “ऑइल कोण करतं?” शेठनी विचारलं, आणि उत्तराआधीच त्याच्याकडे बघितलं.

त्याने गाडीखाली हात घालून भोकात बोट फिरवलं. “तिरका बसलेला,” तो म्हणाला. मग बराच वेळ स्वतःचं बोट बघत राहिला. “माझ्याच हातचा असेल शेठ. दिवसाला वीस गाड्या, ध्यानात राहत नाही.”

मी त्याच्या बाजूलाच उभा होतो. सगळं गॅरेज बघत होतं. 

शेठ म्हणाले, उद्यापासून येऊ नको. त्याने हात धुतले, पाना पुसून माझ्या पेटीत ठेवला. “येतो मेस्त्री,” म्हणाला.

पुढे तो कल्याणला एका सोसायटीच्या गेटवर बसायला लागला. पाना परत धरला नाही असं ऐकलं. गेल्या वर्षी वारला, तेही आठवड्याने कळलं. बोल्ट माझ्या हातचा, एवढं सोडून इथवर कोणीही सांगेल. त्याला काढलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काय झालं ते मात्र माझ्याशिवाय कोणाला ठाऊक नाही.

मी ठाकुर्लीला त्याच्या घरी गेलो. सांगून टाकायचं म्हणूनच गेलेलो. तो कामाचं विचारायला बाहेर पडलेला. बायकोने खुर्ची पुसून दिली, चहा ठेवला.

“काल आल्यापासून हात पुढे धरून बसलेले,” ती म्हणाली. “म्हणतात, मला ती गाडीच आठवत नाही गं. माझ्या हातून असं झालंच कसं? तुम्ही तर तिथेच होता ना भावजी. यांनीच लावलेला का ओ तो बोल्ट?”

“चूक कोणाकडूनही होते वहिनी,” मी म्हणालो. चहा संपवला, आणि साडेनऊच्या आत गॅरेजवर हजर झालो.