लहानूची सेक्टर चारवाली

लहानूनं सेक्टर चारमध्ये बाई ठेवली आहे, ही बातमी हुडको कॉलनीत पहिल्यांदा आली ती पंजाबरावांच्या तोंडून. आणि पंजाबरावांच्या तोंडून येणारी बातमी कधी कच्ची येत नाही. मीठ, तिखट, फोडणी सगळं होऊनच येते. पंजाबराव पोलादाच्या प्लांटमधल्या, रेल्वेचे रूळ बनवणाऱ्या मिलमधून रिटायर झालेले. रुळांच्या दणदणाटात उभा जन्म गेला, त्यात डावा कान गेला आणि उजवा अर्धा राहिला. पण माणूस हिकमती. अर्ध्या कानाला जेवढं ऐकू येई त्याला उरलेलं अर्धं ते पदरचं जोडत, आणि जोड अशी की सराईत वेल्डरनंही पाया पडावं. सिविक सेंटरला चहाच्या टपरीमागं लहानू फोनवर बोलत होता, तेव्हा त्यांनी ‘आपल्या कानानं’ ऐकलं : ‘सेक्टर फोर’, आणि पुढं, ‘मॅडम, तुमच्यामुळंच जीव हाय.’

मग काय! आठवडाभरात बाईचं वय ठरलं, तिचा नवरा दुबईला गेला, आणि पंजाबरावांच्या बायकोनं, शेवंतानं, तिला कुरळे केसही दिले.

गंमत अशी की लहानूचा भाव वाढला. प्लांटमध्ये क्रेन चालवणारा, चार माणसांत तोंड न उघडणारा हा गडी. त्याला आता पानठेल्यावर जागा करून देऊ लागले. “काय लहानूभाऊ, आज फोरले का घरी?” म्हणत पाठीवर थाप. लहानू लाजून हसायचा. ते हसू पाहिलं की त्याची बायको, भागीरथा, तोंड फिरवायची.

कारण तो कुठं जातो हे तिला ठाऊक होतं. लहानूला एच.आय.व्ही. होता, आणि कळला तेव्हा दुखणं फार पुढं गेलेलं. तो स्कूटरवरून जायचा तो सरकारी दवाखान्यात, औषध आणायला.

त्याआधीचे दिवस भागीरथेनं कोणाला सांगितले नाहीत. जिभेवर नासक्या दुधासारखी साय, गिळता येईना. खोकला, ताप, आणि जुलाब असे की दिवसातून चारदा चादर धुवायची. नाकाला पदर बांधून ती धुवायची, मोरीत ओकायची, चूळ भरून पुन्हा धुवायची. मायेनं केलं हो, असं कोणी तिला म्हणून पाहावं! किळस येत होती आणि ती करत होती, एवढंच. कुठून आणलं हे तिनं एकदाच विचारलं. “राजहऱ्याले खदानीत ड्युटी होती तवा...” एवढं बोलून तो रडायला लागला. त्या रडण्याचीही तिला किळस आली. पुढचं तिनं ऐकून घेतलं नाही. तिची स्वतःची तपासणी झाली, ती साफ निघाली.

दवाखान्यातल्या टीना मॅडमनं दोघांना समोर बसवून समजावलं होतं. रक्तात पांढरे पहारेकरी असतात, त्यांची मोजणी करतात. चांगल्या माणसात पाचशेच्या वर, कोणात हजारही. दोनशेच्या खाली आले की घराला दार नाही असं समजा; टीबी, न्यूमोनिया, जी बिमारी रस्त्यानं जाईल ती आत. “और आपका काउंट है इकतालीस.”

“येक्केचाळीस?” लहानू म्हणाला. “येवढ्यात तं आमची शिफ्ट नाई चालत, मॅडम.”

टीनाला हसू आलं, मग तिनं बोट दाखवलं. “इसलिए गोली रोज. छोडी, तो बिमारी फिर सिर उठाएगी. इस बार बच गए, हर बार नहीं बचोगे.”

लहानूनं गोळी रोज घेतली. फक्त घरी आल्या आल्या बाटलीवरचा कागद नखानं खरवडून काढायचा आणि बाटली तांदळाच्या डब्यामागं लपवायचा. काउंट चढू लागला, गाल भरले, जिभेवरची साय गेली. गल्ली म्हणाली, सेक्टर चार मानवलं बरं का!

आणि शेवंता रोज दुपारी वाटीभर भाजी घेऊन भागीरथेकडं. वाटी ठेवायची, चहा घ्यायचा, पोहे खायचे, आणि तोंडाकडं टक लावून बसायचं, ही रडते कधी म्हणून. “तुयं कसं निभते वो, भागीरथे? मी असती तं फिनाईल पेली असती.”

“घरी हाय ना फिनाईल?” भागीरथा विचारायची. “का देऊ?”

शेवटी पंजाबरावांनीच पुण्यकर्म केलं. भागीरथेचा मोठा भाऊ सुखराम तुमसरला असतो, त्याला फोन करून बोलावून घेतलं. सोमवारी सकाळी सुखराम मिशीला पीळ देत हजर. गल्लीनं खुर्च्या आणल्या, भागीरथेनं चहा केला. लेकीच्या, रीनाच्या, बारशालाही इतकी माणसं नव्हती जमली. सुखरामनं आल्याबरोबर स्कूटरची चाबी खिशात घातली, घर उलथंपालथं केलं आणि डब्यामागची बाटली घेऊन अंगणात आला.

“हे काय होय, भाऊजी?”



“मी सांगतो!” पंजाबराव खुर्चीतून अर्धे उठले. “ताकदीची गोळी होय ते! या वयात झेपत नाई ना, मंग काय करन बिचारा!”

अशी हसली सगळी, की शेवंताला ठसका लागला. सुखरामनं झाकण काढलं आणि फाटकासमोरच्या उघड्या नालीत बाटली पालथी केली. “पाहू आता फोरले कसा जाते तं.”

भागीरथा नवऱ्याकडं पाहत होती. आता तरी बोलेल. तर लहानू तेच, पानठेल्यावरचं हसू हसला.

ती त्याच्या कानाशी वाकली. “सांगा ना.”

“राहू दे. बाईचंच नाव राहू दे. मर्दाले ते चालते.”

“अन् गोळीबिगर मेले तं?”

“तं बाईपायी मेला म्हनतीन. कावून, वाईट हाय का?”

आजवर धुतलेल्या एकाही चादरीची तिला एवढी किळस आली नव्हती. नालीतल्या हिरव्या चिखलात पांढऱ्या गोळ्या फुगत होत्या. एक डुक्कर आलं, हुंगलं, तोंड न लावता गेलं. तेवढी अक्कल अंगणात कोणाला नव्हती.

“दादा,” भागीरथा मोठ्यानं म्हणाली, “ते एड्सची गोळी होती. तुया भाऊजीले एड्स हाय. तो बाईकडं नाई जात, दवाखान्यात जाते. अन् ते जे तू फेकलं ना, तो त्याचा जीव होता.”

या वेळी पंजाबरावांना दोन्ही कानांनी ऐकू आलं.

सुखरामनं बाटली धरलेला हात पायजम्याला पुसला, मग भिंतीला पुसला, मग नुसताच अंगापासून दूर धरून उभा राहिला, जणू तो हात दुसऱ्याचा होता. कपबश्या एकामागून एक जमिनीवर आल्या. शेवंताच्या तोंडात चहाचा घोट होता. तो तिनं नालीत, त्या गोळ्यांवर, थुंकला. ठेवलेली बाई हे सगळे चहाबरोबर मिटक्या मारत गिळत होते. गोळी म्हटल्यावर त्यांना मळमळलं.

“चाबी दे, दादा.”

सुखरामनं चाबी तिच्या हातात दिली नाही. जमिनीवर टाकली.

तिनं उचलली. “उठा, रीनाचे बाबा.”

“सारे पाहून राहिले, भागीरथे.”

“पाहू द्या. मरून दाखवाची लाज नाई वाटत, अन् जाऊन दाखवाची वाटते? उठा नाई तं मी एकटी जाते, अन् वाटेनं सांगत जाते.”

लहानू उठला. ती मागं बसली, तिनं पदरही डोक्यावर घेतला नाही. टीना मॅडमनं दोघांनाही झापलं आणि नवी बाटली दिली. तिच्यावरचा कागद या वेळी कोणी खरवडला नाही.

त्यानंतर पानठेल्यावरची थाप बंद झाली. ‘लहानूभाऊ’चा ‘अरे तो’ झाला. सुखराम फोन करतो, येत नाही. पंजाबराव सांगत फिरतात, “आपन तं त्याच्या घरचा चहा कधी पेलोच नाई.” शेवंताची वाटी भागीरथेनं घासून परत केली, तर दुसऱ्या दिवशी ती उकिरड्यावर दिसली. भागीरथेनं ती उचलून आणली, पुन्हा घासली. चांगली जड स्टीलची वाटी आहे. लहानू तिच्यातच भाजी खातो, आणि ती वाढताना अजूनही त्याच्याकडं बघत नाही.

काउंट आता दोनशे साठ आहे. लहानू पुन्हा क्रेनवर चढतो.

राहिली ती सेक्टर चारवाली. सेक्टर चारमध्ये लहानूचं कोणी नव्हतं. फोनवरच्या मॅडम म्हणजे दवाखान्यातली टीना. आणि लहानू ‘सेक्टर फोर’ म्हणाला नव्हता, ‘सीडी फोर’ म्हणाला होता. रक्तातल्या ज्या पांढऱ्या पेशी दवाखान्यात मोजतात, त्यांचं ते नाव आहे.