तुमची पहिली कशी होती?

आमच्या चळवळीच्या मंडळातल्या पोरांनी एकदा पत्रकाचा मजकूर शुद्ध करायला माझ्याकडे दिला. मथळा होता, 'स्त्रियांना आदर्श पुरुष कसा हवा?' खाली लिहिलं होतं की तो सत्यवचनी हवा, निर्व्यसनी हवा, शूर हवा, देशासाठी तुरुंगात जायची तयारी असलेला हवा. मी विचारलं, हे कोणत्या बायकांना विचारून लिहिलंत? एक जण म्हणाला, "त्यात विचारायचं काय? उघडच आहे." सगळी पोरं एका खोलीत बसून बायकांच्या मनातलं लिहून मोकळी झाली होती. त्यांच्यातल्या बहुतेकांची लग्नं झालेली होती आणि एकाच्याही बायकोला कोणी विचारलेलं नव्हतं.

माझं शिक्षण हिंगोलीला मामाकडे राहून झालं, तेही उर्दूत, कारण निजामाच्या राज्यात वरच्या वर्गांना तीच भाषा. मराठी लिहायला शिकले ती वऱ्हाडातून चोरून येणाऱ्या पत्रकांवर. त्यामुळे माझ्या लिहिण्यात गोडवा नाही असं लोक म्हणतात. म्हणोत. बाईला विचारलं तर काय होतं ते मी एकदा आमच्याच घरात पाहिलं आहे, आणि ते जसं झालं तसं लिहिते.

माझी थोरली बहीण, आम्ही तिला आक्का म्हणतो, तेराव्या वर्षी लग्न होऊन गेली आणि विसाव्याच्या आत विधवा होऊन परत आली. नवरा पटकीने गेला. मूलबाळ नव्हतं. आमच्या लोकांत विधवेचा पाट लावायची रीत आहे, म्हणजे दुसरं लग्न, पण वाजंत्रीशिवाय आणि मांडवाशिवाय. या पाटाची एक गोष्ट ऐकण्यासारखी आहे. पहिल्या लग्नात पोरीला कोणी विचारत नाही. पाटात मात्र भावकीतली चार माणसं बसतात आणि बाईची रजामंदी घेतात. ती 'व्हय' म्हणाल्याशिवाय पाट लागत नाही. हा बायकांचा मान आहे असं आमचे वडील सांगतात. मला तसं वाटत नाही. एकदा दान दिलेली वस्तू पुन्हा दान देता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. मालक मेला म्हणून तिला बोलायची परवानगी मिळते.

पण परवानगी ती परवानगीच. आमच्या घरात तोवर कोणत्याही बाईला कशाबद्दलही विचारलेलं नव्हतं, आणि आता आक्काला विचारणार होते.

दोन स्थळं आली होती. दोघंही बिजवर, म्हणजे पहिली बायको वारलेले. वेचणीचे दिवस होते. आमच्या घरच्या बायका स्वतः कापूस वेचायला जातात. माय, काकू, शेजारची एक म्हातारी, आक्का आणि मी अशा ओळीने सऱ्या धरून चाललो होतो. मी पत्रकातला प्रश्न विचारला : माणूस कसा असावा?

"दात असावेत," म्हातारी म्हणाली. "आमच्या धन्याचे कवाच गेले. दोन दोन भाकरी भिजवून द्याव्या लागत्यात."

काकू म्हणाली, "मारणारा नसावा."

"मग असा कोनी भेटायचाच न्हाई," म्हातारी म्हणाली.

"बरं, मारलं तर मारलं. पण जेवताना मारू नये. ताट उपडं हून जातं, मग पुन्हा रांधा."

दोघी हसल्या. मला हसू आलं नाही. मी म्हणाले, जेवताना काय आणि जेवल्यावर काय, मारावंच काहून? काकू म्हणाली, "बाई, तुझं अजून लगीन व्हायचंय. तू बोलून घे."

मायला विचारलं तर ती म्हणाली, "मला काय ठावं? मी एकच पाहिला." आणि पुढच्या झाडाला गेली.

मग आक्का म्हणाली, "काकू, मला टाक घालावा लागंल ना?"

टाक म्हणजे चांदीचा एक लहान पत्रा, त्यावर बाईची आकृती ठोकलेली. बिजवराशी पाट लावणाऱ्या बाईने त्याच्या मेलेल्या बायकोचा टाक गळ्यात घालायचा, रोज कुंकू लावायचं, नवं लुगडं आधी त्याला दाखवायचं. नाहीतर पहिली रागावते आणि दुसरीला सुखाने नांदू देत नाही, असं म्हणतात. हा निव्वळ खुळेपणा आहे आणि मी तिथंच तसं सांगितलं. म्हणाले, घालू नको.

"तुझं पत्रक राहू दे," आक्का म्हणाली. "मला घालायचाच हाय. पण जी बाई मी जलमभर गळ्यात घेऊन फिरनार, ती कशी होती ते मला कळाया पाहिजे का न्हाई?"

म्हातारी म्हणाली, "असं कोनी इचारत असतं व्हय?"

"मी इचारनार."

पहिलं स्थळ डोंगरकडा गावाच्या बाजूचं होतं. नदीकाठची जमीन, दोन विहिरी, माळवदाचं घर. माणूस दारूला शिवत नव्हता, शब्दाचा पक्का होता, आणि चळवळीतल्या दोन पोरांना त्याने पोलिसांपासून लपवून ठेवलं होतं हे मला ठाऊक होतं. आमच्या पत्रकातला पुरुष म्हणून त्याला जसाच्या तसा उभा करता आला असता. आबा, म्हणजे आमचे वडील, त्याच्यावर खूश होते. ओसरीवर सगळी पुरुषमाणसं बसली. आम्ही बायका आतल्या दाराशी. चहा झाला, पिकापाण्याचं बोलणं झालं. मग आक्काने काकूला पुढं केलं आणि काकूने दारातून विचारलं, "पाव्हणं, आमची लेक इचारून राहिली, तुमची पहिली कशी होती?"

शुभ बोलणीत मेलेल्या बाईचं नाव काढू नये हा साधा रिवाज आहे. आबांनी दाराकडे असं पाहिलं की काकू दोन पावलं मागं सरली.

पण पाहुण्याने उत्तर दिलं, हे त्याच्या बाजूने सांगितलं पाहिजे. म्हणाला, "देवमाणूस होती. कधी शब्दाला शब्द दिला न्हाई."

"तिला काय आवडायचं?" काकूने आतून आक्काचं ऐकून पुढचं विचारलं.

"आवडायचं म्हंजे?"

"खायाला. नेसाया. काईबी."

त्याने सोबत आलेल्या भावाकडे पाहिलं. भावाने छताकडे पाहिलं. "सगळंच आवडायचं," तो म्हणाला. "तकलीफ न्हाई दिली कधी."

नऊ-दहा वर्षांचा संसार होता म्हणे. माणूस खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच ठाऊक नव्हतं.

पाहुणे गेल्यावर आबा आत आले. "मेलेल्या बाईचं काहून काढलं? अक्कल हाय का काई?" काकू म्हणाली की मी फक्त निरोप सांगितला. आक्का शेंगा फोडत होती, फोडत राहिली.

दुसरं स्थळ कनेरगाव नाक्याच्या पलीकडचं. थोडकी जमीन, एक बैलजोडी. हा आपल्या मामाला घेऊन आला होता. अंगाने किरकोळ, धोतर गुडघ्यापर्यंत धुळीने भरलेलं. आबांनी घोंगडीसुद्धा जुनी टाकली. मला वाटलं, आता तरी आक्का विचारणार नाही. तिने काकूला कोपराने ढोसलं. काकू कबूल होईना, तेव्हा दाराआडून आक्काच बोलली.

"तुमची पहिली कशी होती?"

मामा घाईने म्हणाला, "चांगली होती, चांगली होती. लक्ष्मी."

"कजाग होती," भाचा म्हणाला.

"अरे!"

"होती तर. भांडायची माझ्याशी."

"कशापायी भांडायची?" आतून आक्का.

"कोनी मागितलं की मी बैल देऊन टाकायचो. पेरणीच्या दिसांत आपलं रान तसंच, आन् आपले बैल लोकाच्या रानात. मग भांडायची. तिचं काई चूक नव्हतं."

"आता देता का?"

"देतो," तो म्हणाला. जरा थांबून म्हणाला, "कमी देतो."

ओसरीवर कोणीतरी खोकलं. आक्काने विचारलं, "आन् तिला काय आवडायचं?"

"चिंचेचा पाला. कवळा. येताजाता चघळायची. आन् खोल पाण्याला लई भ्यायची. आमची हीर बिनकठड्याची. ती हिरीवर गेली की पाय थरथरायचे, एकदा घागर सोडून पळाली. मग पानी मीच शेंदायचो."

मामाने कपाळाला हात लावला. "तसं न्हाई पाव्हणं, एखाद्या दिवशी, बाई बिमार असली तर..."

"रोज," भाचा म्हणाला. "गावातले हसायचे. आता ती न्हाई तरी हसत्यात. सवय पडली."

इकडे दाराआड काकू तोंडात पदर कोंबून हसत होती. शेजारची म्हातारी हसत नव्हती. ती मला हळूच म्हणाली, "रोज?" मी म्हणाले, रोज म्हणाला. ती म्हणाली, "बया."

याच उत्तराने ओसरीवर त्याचा निकाल लागला होता. माणसाने दारू प्यावी, बायकोला हाणावं, मेलेल्या बायकोला देवमाणूस म्हणावं, त्याला कोणी नाव ठेवत नाही. घागर उचलली की तो बायल्या ठरतो. मी हे पुष्कळ ठिकाणी भाषणात सांगितलं आहे आणि सगळीकडे पुरुष हसले आहेत.

पाहुणे गेले. आबा म्हणाले, "बायकोचं पानी भरणारा जावई करू? गावात तोंड कसं दाखवू मी?"

आक्का म्हणाली, "आबा, मला इचारायचा रिवाज हाय का न्हाई?"

"हाय."

"मग चार मानसं बसवा आन् इचारा."

"मी डोंगरकड्याला जबान देऊन बसलोय."

"तुमी दिली. माझी बाकी हाय."

आबांच्या हातात करण्यासारखं फार नव्हतं. त्यांनीच आयुष्यभर रिवाजाचा मोठेपणा सांगितला होता आणि भावकीत त्याच जोरावर न्याय केले होते. चार माणसं बसली. त्यांनी आधी डोंगरकड्याचं नाव घेऊन विचारलं. आक्का 'न्हाई' म्हणाली. ते एकमेकांकडे पाहत राहिले, कारण बाई नाही म्हणते ही गोष्ट त्यांनाही ऐकून माहीत असावी, पाहिलेली नसावी. मग दुसरं नाव घेतलं. आक्का 'व्हय' म्हणाली, आणि उठून आत आली.

आबा सगळ्यांसमोर म्हणाले, "जा. पर इकडली दिवाळी इसर. माझ्या घरून मुराळी यायचा न्हाई."

लेकीला माहेरी आणायला जो माणूस जातो तो मुराळी. बाप किंवा भाऊ. आमच्याकडे मुराळ्याशिवाय लेक माहेरी येत नाही, आणि पहिल्या दिवाळीला मुराळी गेला नाही तर सासरी सगळं गाव समजतं की ही माहेराला मेली. आम्हाला भाऊ नाही. म्हणजे आबा गेले नाहीत तर कोणीच जाणार नव्हतं, हे आक्काला पाटाला बसताना ठाऊक होतं. तरी बसली. फाल्गुनात ती गेली. टाक गळ्यात होता, आणि मी त्याबद्दल पुन्हा काही बोलले नाही.

तिच्या नवऱ्याबद्दल खोटं कौतुक लिहायचं नाही. बैल तो अजूनही देतो. हिंगोलीच्या बाजारात भेटलेल्या त्यांच्या गावच्या बाईने सांगितलं की मृगात दोघांचं त्यावरून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं भांडण झालं, आणि दुसऱ्या दिवशी तो बैल परत आणायला गेला. जेवणावरून उठून गेला, एवढं ती बाई पुन्हा पुन्हा सांगत होती. तिला त्याचं नवल वाटत होतं.

दिवाळी आली. आबांनी मुराळ्याचा विषय काढला नाही, आम्हीही नाही. धनतेरसेच्या आदल्या दिवशी सकाळी मायने गाठोडं बांधलं, नवं लुगडं नेसली आणि अंगणात आली. मी मंडळाच्या कामासाठी हिंगोलीला निघालेच होते.

आबा म्हणाले, "कुठं?"

"लेकीला आनाया."

"बाई मुराळी जात असती व्हय?"

"मला ठावं न्हाई. गाडी जुपता का?"

"बैल दमलेत."

"बरं," माय म्हणाली, आणि चालायला लागली. लग्न झाल्यापासून ती या घरातून कोणाला न विचारता कुठं गेलेली नव्हती. हिंगोलीपर्यंत पायी, रात्री मामाकडे मुक्काम, तिथून पुढं मोटार मिळाली तर मोटार, असं तिने ठरवलेलं होतं. कधी ठरवलं होतं देव जाणे. मीही तिच्याबरोबर निघाले. तिच्या पायाला चालायची सवय होती, पण वहाण नवी होती आणि चावत होती. ती हातात घेऊन चालली.

ओढा ओलांडला तेव्हा मागून गाडीचा आवाज आला. आमचीच गाडी. हाकायला सालगडी होता. "मालकानं धाडलं," तो म्हणाला. "बसा."

मायने गाडीत मागं पाहिलं. आबा नव्हते. आत कडबा पसरून वर घोंगडी टाकलेली होती, आणि ती घोंगडी नवी होती. माय ती हाताने चाचपून बसली आणि म्हणाली, "पाठवली तरी."

तिने तेवढं पुरेसं मानलं. मी मानत नाही, आणि गाडीत बसल्यावर मी तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, "तू नको मानू. पर सर जराशी, आक्काला बसाया जागा लागंल."